तिकिटामागची बाकी

पेढा सापडला तो बुधवारी. खरं तर पेढा मुंग्यांना सापडला आणि आम्हाला मुंग्या. मशीनला कपडे लावायच्या आधी सगळे खिसे चाचपायची बायकोची सवय आहे. एकदा माझ्या पेनानं तिच्या दोन साड्या निळ्या केल्या होत्या, तेव्हापासूनची. माझ्या आकाशी शर्टाच्या खिशात तिनं हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. मग शर्ट दोन बोटांत लांब धरून ती गॅलरीत आली. खिशाच्या शिलाईवरून बारीक काळ्या मुंग्यांची ये-जा चालली होती, बाहेरून रुपयाएवढा तुपाचा डाग उमटला होता आणि आत चुरा झालेला अर्धामुर्धा कंदी पेढा. आप्पा तिथंच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून शर्टाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं. "मुंग्यांची खिडकी चोवीस तास उघडी आसती वाटतं," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

बायको हसली, लेक हसली, मीही हसलो. पण ते वाक्य दिवसभर दातात अडकलेल्या धाग्यासारखं राहिलं.

झालं होतं असं. रविवारी सकाळी गावाकडून आत्याचा फोन आला. तिची नात पोलीस भरतीत निवडली गेली होती. आप्पांनी फोन ठेवला, कुणाला काही न सांगता चपला घातल्या आणि बाहेर पडले. त्यांचा उजवा गुडघा गेलेला आहे. ३४ वर्षं एसटीत कंडक्टर. हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली की गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालेलं. तरी साताऱ्यातल्या आमच्या शाहूपुरीतून मोती चौकापर्यंत चालत गेले, रिक्षा केली नाही, आणि अर्धा किलो कंदी पेढे घेऊन चालतच परत आले. मी बूट घालत होतो, कारण ऑडिट तोंडावर आल्यामुळे रविवार असूनही शाखेत जायचं होतं. त्यांनी दारातच खोक्याचा दोरा सोडला, तो बोटाला गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवला (आमच्या घरात दोरा कधीच विकत आणावा लागत नाही) आणि एक पेढा उचलून माझ्यासमोर धरला. "बारकीच्या नातीचा."

मी फोन पाहिला. अकरा चौतीस. बाराला सव्वीस मिनिटं कमी.

"आप्पा, बारा वाजता खातो," म्हणालो, पेढा त्यांच्या हातातून घेतला आणि शर्टाच्या खिशात टाकला. त्यांचा हात क्षणभर तिथंच राहिला, मग त्यांनी बोटांना लागलेलं तूप पायजम्याला पुसलं. मी स्कूटरवर बसलो. बाराला मी व्हाउचरच्या गठ्ठ्यात बुडालेलो होतो, एकला डबा खाल्ला, संध्याकाळी येऊन शर्ट दारामागच्या खिळ्याला अडकवला. तो पेढा खिशात आहे हे मला बुधवारपर्यंत एकदाही आठवलं नाही. आणि मी तर दिवसभर खाण्याचाच विचार करत असतो!

तर, हे बाराचं प्रकरण.

मार्चअखेरची धावपळ संपल्यावर आमच्या पतसंस्थेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. वजन ८८ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांची ९० च्या आत हवी, असं तिथल्या डॉक्टर मॅडमनी टेप गुंडाळता गुंडाळता सांगितलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, ते एचबीए-वन-सी म्हणतात ते, ६.२ आलं. "५.७ ला उंबरा लागतो, ६.५ ला घर," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही उंबऱ्यावर बसलाय." पतसंस्थेत तेव्हा दोन पक्ष होते. वसुली विभाग अख्खाच्या अख्खा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही म्हणजे काही नाही. कॅश काउंटरवरच्या बायका ऋजुता दिवेकरांच्या: दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तूप-भाताला घाबरू नका. दुपारी डबे उघडले की वाद पेटायचा आणि कुणाचा वाढदिवस असला की दोन्ही पक्ष केकपाशी एक व्हायचे. मी तिसराच रस्ता धरला. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्यानं मोबाइलवर एक अ‍ॅप घालून दिलं. सोळा तास उपाशी, आठ तास खायची मुभा. दुपारी बारा ते रात्री आठ. अ‍ॅपमध्ये एक गोल असतो, तो हळूहळू नारंगी रंगानं भरत जातो आणि पुरा भरला की फोन थरथरतो. त्या आठ तासांना तिथं 'विंडो' म्हणतात. पहिल्याच सकाळी आप्पांनी विचारलं, "आज पोहं का न्हाय?" मी म्हणालो, "माझी विंडो बाराला उघडते." त्यांनी हॉलच्या खिडकीकडे पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात तिला खिडकीच म्हणतात. "उघडली का रं तुझी खिडकी?" "आज खिडकी लवकर लावली जणू."

त्याच सकाळी चहाचाही प्रसंग झाला. खिडकी बंद असताना पाणी चालतं, दूध-साखरेशिवाय चहा-कॉफी चालते. मी कोरा चहा करून घेतला आणि त्यांच्याशेजारी बसलो. ते बशीत ओतून, फुंकर मारून पितात. दुधाचा, साखर जरा वरच. त्यांनी माझ्या कपात डोकावून पाहिलं. "दूध नासलं का?" नाही म्हणालो. "मंग?" मी समजावलं. इन्शुलिन, चरबी, सगळं. ते शांतपणे ऐकत राहिले, सीटवरचा प्रवासी आपलं गाऱ्हाणं सांगतोय तसं. शेवटी म्हणाले, "आमी कोरा च्या प्यायलो ते घरात दूध नव्हतं म्हून." आणि बशी तोंडाला लावली.

पहिला आठवडा मी ज्याला त्याला भूक काय चीज आहे ते सांगत सुटलो होतो, म्हणून इथं आवरतं घेतो. एक गोष्ट मात्र खरीच नवी कळली. मला वाटायचं की भूक वाढत वाढत जाते, दहाला थोडी, अकराला जास्त, साडेअकराला माणूस आडवा. तसं होत नाही. भूक एसटीसारखी येते. साडेनऊला, माझ्या जुन्या पोह्यांच्या वेळेला, ती थांब्यावर येऊन उभी राहायची, हॉर्न द्यायची, पोटात घरघर करत दहा-पंधरा मिनिटं थांबायची, आणि आपण चढलो नाही की निघून जायची. मग अकरापर्यंत रस्ता मोकळा. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक नेहमीच्या जेवणवेळांना उसळतं आणि ओसरतं, हे मी नंतर वाचलं. वाचायच्या आधी पोटानं सांगितलं होतं. नाक मात्र कुत्र्यासारखं झालं. आमची शाखा पोवई नाक्याजवळ आहे. खाली वड्याची गाडी. इतकी वर्षं मला फक्त 'वड्याचा वास' येत होता. आता त्यातलं एक एक वेगळं येऊ लागलं: आधी तापलेल्या तेलाचा, मग बेसन तेलात पडल्याबरोबरचा, आणि सगळ्यात शेवटी तळणीच्या मिरचीला मीठ चोळल्याचा, जो खरं तर वास नसतो, नुसता जिभेच्या कडेला आलेला ओलावा असतो. बारा वाजता मी डबा उघडायचो तेव्हा भाकरीचा पापुद्रा सुटताना जी वाफ येते ना, शिळी, दबलेली, किंचित आंबूस, ती मी डोळे मिटून घ्यायचो. लसणाच्या चटणीशी भाकरी इतकी गोड लागते हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आणि राग. बाराला दहा कमी असताना एक आजीबाई ठेवीची पावती न घेताच मुदत वाढवायला आल्या. मी त्यांच्यावर जे खेकसलो ते कॅश काउंटरपर्यंत ऐकू गेलं. सव्वाबाराला, पोटात भाकरी गेल्यावर, मी जिना उतरून त्यांना शोधायला गेलो. त्या गेल्या होत्या.

आईची फार आठवण यायची या दिवसांत. ती जाऊन आता दोन वर्षं होतील. ती दर संकष्टीला उपास करायची आणि रात्री चंद्र उगवल्यावर सोडायची. कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण आमच्याकडे चंद्र जरंडेश्वराच्या डोंगरामागून वर यायचा, म्हणून छापील वेळेपेक्षा उशिरा, आणि आई छापील वेळ मानायची नाही. दिसल्याशिवाय नाही. पावसाळ्यात सातारच्या आभाळात चंद्र कसला दिसतोय! साडेनऊ, दहा, ती गच्चीच्या जिन्यात बसून राहायची, खाली मोदक गार. अशा वेळी आप्पा ड्युटीवरून आले की बॅग ठेवता ठेवता म्हणायचे, "दिसला की मगाशी. वाढ्याच्या पुढं आलो तवा ढग फाटलं हुतं." आई लगेच उठायची. वाढ्यापाशी ढग फाटले होते की नाही हे मी कधी विचारलं नाही, तिनंही नाही. बाकी एकादशीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याच्या फोडी असायच्या, म्हणजे एरवीपेक्षा जास्तच. त्याबद्दल नवीन काही बोलण्यासारखं नाही. पण आईच्या बोलण्यातला एक फरक मला या उन्हाळ्यात लक्षात आला. ती उपास 'सोडायची'. 'मोडला' हा शब्द ती फक्त चूक झाली की वापरायची, चतुर्थी विसरून सकाळी चपातीचा तुकडा तोंडात टाकला तर. अ‍ॅपला हे कळत नाही. मी बाराच्या ठोक्याला जेवलो काय किंवा साडेदहाला वडा खाल्ला काय, ते एकच इंग्रजी शब्द दाखवतं, आणि त्याचं मराठी 'मोडला' असंच होतं.

फायदा झाला का? झाला. उगाच खोटं कशाला बोलू? पाच महिन्यांत ८८ चे ८१.५ झालो. पट्ट्याला चांभाराकडून दोन भोकं वाढवून घेतली. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढताना पूर्वी दोनदा थांबायचो, आता मंगळाईच्या देवळापर्यंत एका दमात जातो. तिथून खाली सातारा दिसतो, घरांच्या खिडक्या उजळत जाताना, आणि पोट रिकामं असल्यानं डोकं असं लख्ख असतं की आपण काही तरी थोर काम करतोय असं वाटायला लागतं. हे वाटणं फार धोक्याचं. मी लोकांच्या ताटात बघायला लागलो होतो. लग्नात कुणी दुसऱ्यांदा जिलेबी घेतली की मनात हिशेब. ऑगस्टमध्ये पुन्हा रक्त तपासलं, साखर ५.८. उंबऱ्यावरून पुरता उठलो नव्हतो, पण पाय अंगणात टाकले होते.

माझा मावसभाऊ कराडला डॉक्टर आहे. त्याला मी मोठ्या उत्साहानं फोन केला आणि जपानचे योशिनोरी ओसुमी, २०१६ चं नोबेल, पेशी स्वतःचाच कचरा कसा खातात, असं सगळं ऐकवलं. व्हिडिओत पाहिलं होतं. तो म्हणाला, "ओसुमींचं काम यीस्टच्या पेशींवरचं. तुझ्या पोटात सोळाव्या तासाला झाडलोट सुरू होते असं त्यात कुठं लिहिलंय?" मग त्यानं मला चीनमधल्या ग्वांगझूची गोष्ट सांगितली. २०२२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी १३९ लठ्ठ माणसं घेतली, सगळ्यांना वर्षभर सारखंच कमी खायला सांगितलं, फक्त निम्म्यांना ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायची अट घातली. वर्षानं अटवाले सरासरी ८ किलो उतरले आणि बिनाअटीचे ६.३, आणि या दोन आकड्यांतला फरक गणिताच्या कसोटीला टिकेल एवढा नव्हता. "म्हणजे खिडकीनं काही होत नाही?" "होतं की. तुझी खिडकी रात्री आठला लागते. पूर्वी आठनंतर काय काय खायचास?" मी गप्प झालो. आठनंतर मी टीव्हीपुढं भडंग खायचो, वाटीत नव्हे, डब्यातूनच. मग दूध. मग फ्रिज उघडून उभं राहणं. "ते बंद झालं, वजन उतरलं," तो म्हणाला, "घड्याळ हा तुझा कुलूपवाला. बाकी काही नाही." मला जरा वाईटच वाटलं. जपानी नोबेलवरून एकदम भडंगाच्या डब्यावर आलो.

त्यानं अजून एक विचारलं होतं, ते सांगायलाच हवं: माझं बघून कुणी सुरू केलंय का? केलं होतं. आमच्या वसुली विभागातल्या एकानं. त्याला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी त्याला काही बोललो नव्हतो, उलट पाठीवर थाप मारली होती. एका सकाळी त्यानं गोळी घेतली, खाल्लं काहीच नाही, आणि अकराच्या सुमारास खुर्चीत बसल्या बसल्या घामानं निथळायला लागला. हात थरथरत होते, बोलणं जड. कॅशमधल्या एका ताईंच्या पर्समध्ये साखर मोजायचं यंत्र असतं, म्हणून कळलं: ५४. सत्तरच्या खाली गेली की धोका. चहाच्या टपरीवरून साखरेचा डबाच आणला, तीन चमचे पाण्यात ढवळून पाजले, पंधरा मिनिटांत तो माणसात आला. पहिलं वाक्य त्यानं मला उद्देशून म्हटलं: "उपास मोडला राव." सगळे हसले. मी संडासात जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. गोळ्या चालू असलेल्या माणसानं डॉक्टरला विचारल्याशिवाय असलं काही करू नये, हे त्याला मी सांगायला हवं होतं. मी त्याला भाच्याचं अ‍ॅप घालून दिलं होतं.

बुधवारी रात्री, शर्ट धुऊन वाळत पडलेला (डाग काही गेला नाही), आम्ही जेवायला बसलो होतो. सव्वासात, खिडकी उघडी. मी म्हणालो, "आप्पा, विसरलोच मी. तुम्ही दिलेला पेढा." ते पिठल्यात भाकरी कुस्करत होते. म्हणाले, "गाडीत सुटं नसलं की आमी तिकिटामागं बाकी लिवून द्यायचो. तीन रुपय, सात रुपय. उतरताना घ्या म्हणायचो. निम्मी माणसं इसरून उतरत्यात. आन् घरला गेल्यावर आठवतं." मग थोडं थांबून, "कंडक्टरच्या ध्यानात आसतंय. पर गाडी गेल्याली आसती."

पुढच्या पंधरवड्यात गावी गेलो, आत्याच्या नातीचा सत्कार होता. सातारा जिल्हा विचित्र आहे. पश्चिमेला महाबळेश्वरला पावसाळ्यात ढगातच राहतात, आणि आमच्या माणमध्ये त्याच्या एक दशांश पाऊस झाला तरी बैलांना गुलाल लावतील. म्हसवड मागं टाकलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळी, मेंढरं आणि डोळ्यांत जाणारा उजेड. शाळेच्या पटांगणात मांडव, फेटे, फ्लेक्सवर पोरीचा वर्दीतला फोटो आणि खाली पंचवीस शुभेच्छुकांचे. पोरगी काटक आहे. ८०० मीटरची तयारी तिनं माणगंगेच्या कोरड्या पात्रात पळून केली. जेवताना माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या उपासाची कीर्ती तिथंही पोहोचली होती. "मामा, उपाशी पळता येतं का ओ?" मी म्हणालो, मी पळत नाही, चढतो. ती म्हणाली, "मला न्हाय जमत. मी चार अंडी आन् शेंगदाणं खाल्ल्याबिगर रनिंगला जायाची न्हाय." तिच्या पोटऱ्या पाहिल्या आणि मी विषय बदलला.

समोरच्या पंगतीला आप्पा आणि आत्या शेजारी शेजारी बसले होते. आत्या त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. ती मोठ्यानं बोलते, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं. वाढपी पेढे घेऊन आला, आप्पांनी एक उचलला आणि न खाता सदऱ्याच्या खिशात घालायला लागले, घरी लेकीसाठी असेल. आत्या ओरडली, "आरं खा की! का पुन्यांदा सुकडीसारखं करतूस?" मग ती आमच्याकडे वळून सांगू लागली. ७२ चा दुष्काळ. आजा-आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. घरात मिलो, ती अमेरिकेची तांबडी ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना टोचायची. पोरांना कामाच्या जागी सुकडी मिळायची, पिवळसर गोड भुगा, ओंजळभर. आत्या तापानं घरात पडून होती. तेरा वर्षांच्या आप्पांनी आपल्या वाट्याची सुकडी तिच्यासाठी खाकी चड्डीच्या खिशात घातली आणि तीन मैल चालत निघाले. "आला, म्हणला, बारके, तुला सुकडी आणली. खिशात हात घातला तर काय न्हाय. वाटंनं एक एक चिमूट करत समदी खाल्ली ह्यानं! मंग खिसा उलटा केला, आन् मी तो खिसा चाटला. बाई बाई, काय ग्वाड हुता!" मांडवात हशा. आत्या डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत हसत होती.

आप्पा पत्रावळीकडं बघत म्हणाले, "खिशाला भोक हुतं."

"कसलं भोक! मी चाटला न्हवं का खिसा!"

"भोक हुतं," ते पुन्हा म्हणाले, आणि भात कालवायला लागले. पन्नासवर वर्षं झाली, बहुतेक प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हे असंच होत असणार. मी ऐकलं मात्र पहिल्यांदाच. एरवी मी पंगत उठायच्या आत साताऱ्याची गाडी गाठणारा. परत येताना गाडीत मला ते विचारायचं होतं, पण काय विचारायचं? ते खिडकीशी डोकं टेकून झोपले होते, खऱ्या खिडकीशी, आणि सदऱ्याच्या खिशातल्या पेढ्याभोवती त्यांनी पत्रावळीचा तुकडा गुंडाळलेला दिसत होता. रात्री साडेनऊला घरी पोहोचल्यावर तो त्यांनी लेकीला दिला. अख्खा होता.

उपास मी अजून करतो. आठवड्यातले पाच दिवस, बारा ते आठ. दीड किलो परत आलंय. अ‍ॅप ठेवलंय, पण त्याचं थरथरणं बंद केलंय. फक्त एक बदल झाला, आणि तो मी केलेला नाही. आप्पा आता माझ्यासमोर काही धरत नाहीत. बाजारातून काही आणलं की डब्यात घालतात, झाकण लावतात आणि सांगतात, "ठेवलंय. तुझ्या टायमाला घे." आवाजात राग नसतो. आई गेल्यापासून कुठलीही गोष्ट आणली की पहिल्यांदा कुणाच्या हातावर ठेवायची, असं ते दारात उभं राहून क्षणभर इकडं तिकडं बघायचे, आणि मी दिसलो की यायचे. आता सरळ स्वयंपाकघरात जातात.

आत्यानं येताना नव्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली होती. परवाच्या रविवारी बायकोनं त्यातल्या थोड्या तव्यावर भाजल्या. आप्पा गॅलरीत उन्हाला पाय सोडून बसले होते, मांडीवर ताटली. शेंग अंगठ्यानं फोडायची, दाणे तळव्यावर चोळायचे, टरफलं फुंकायची. फुंकर मारताना ते डोळे बारीक करतात. मी स्टूल ओढून शेजारी बसलो. फोन आत चार्जिंगला होता. बराच वेळ आम्ही दोघं खालून जाणारी भाजीची गाडी बघत होतो. मग मी हात पुढे केला.

त्यांनी हाताकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. निवृत्त होताना मिळालेलं, पाच मिनिटं पुढं लावलेलं. "पावणेअकरा बी न्हाय झालं आजून."

"असू दे."

ते काही बोलले नाहीत. दोन शेंगा फोडल्या, चोळल्या, फुंकल्या, आणि माझ्या तळहातावर एकेक करून दाणे टाकले, मोजून, सुटे पैसे परत द्यावेत तसे. एक, दोन, तीन, चार. चौथा जळका होता. तो त्यांनी परत उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.